पुड्याची मागची बाजू

बोईसरला आमच्या इमारतीखाली जे किराणा दुकान आहे, तिथला दुकानदार मला बघितलं की चष्मा काढून पुसतो आणि म्हणतो, "या मॅडम, वाचनालय उघडं आहे." सुरुवातीला मला याचा राग यायचा. मग मीही सुनावायला लागले, "पुस्तकं तरी नवी आणा, तीच तीच किती वाचायची?" आमचं हे बरीच वर्षं चाललंय. मी पुडा उचलते, समोरचं चित्र बघतही नाही, उलटा करते, डोळ्यांजवळ नेते आणि बारीक अक्षरातली इंग्रजी यादी वाचते. दहातले सात पुडे परत जागेवर ठेवते. मागे रांग लागली की लोक चुळबूळ करतात. करू देत.

मी दूध, दही, तूप, अंडी, मध, मटण, मासळी यांतलं काही खात नाही. याला व्हीगन म्हणतात, आणि हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे जैन का?" कंपनीतल्या एकाने तर विचारलं होतं, मग तुम्ही पाणी तरी पिता ना. अशांना मी उत्तर देत नाही.

घरी स्वतः रांधलं की प्रश्नच नसतो. भात, डाळ, भाजी, भाकरी, कशात काय आहे ते दिसतं. पंचाईत होते ती पुड्यातल्या खाऊची. लोकांना वाटतं हिरवा ठिपका असला की झालं. हिरवा ठिपका एवढंच सांगतो की यात मांस, मासळी, अंडं नाही. दूध त्या ठिपक्यातून खुशाल आत येतं. आणि येतं ते कुठे, जिथे तुम्ही स्वप्नातही बघणार नाही तिथे. टोमॅटोच्या चवीच्या वेफरवर जो लाल मसाला भुरभुरलेला असतो, त्यात दुधाची भुकटी. तिखट मुरमुऱ्यांत दुधाची भुकटी. आणि उलट, ज्या खारीच्या पुड्यावर लोण्याचा गोळा छापलेला असतो तिच्यात लोण्याचा थेंब नसतो, सगळं वनस्पती तूप. समोरच्या बाजूला जे लिहितात त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले.

यादीच्या खाली चौकटीत ठळक अक्षरांत आणखी एक ओळ असते. या कारखान्यात दूध, गहू, सोयाबीन यांचेही पदार्थ बनतात, अशी. ती ॲलर्जी असणाऱ्यांसाठी असते. तो पदार्थ या पुड्यात घातलाय असा तिचा अर्थ नसतो. ती ओळ मी नेहमी सोडून देते. कोणी नव्याने व्हीगन झालेलं मला विचारायला आलं, तर हेच पहिलं सांगते, की बाई, त्या ओळीला घाबरू नकोस, वरची यादी नीट वाच.

वाचणं हे माझं पोटापाण्याचं कामच आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कंपनीत मी प्रयोगशाळेत आहे. आलेल्या प्रत्येक पिंपावरची चिठ्ठी वाचायची, नमुना काढायचा, तपासायचा, मग सही. माझी सही नसेल तर माल आत जात नाही. मागच्या खेपेला चांगला होता म्हणून याही खेपेला चांगला असेल, हे आमच्याकडे चालत नाही. या कामाचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे, पण आता तो उगाळत बसत नाही.

माझी आई इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची. मासळी विकायची. माझं शिक्षण, भावाचं लग्न, घरावरचं नवं छप्पर, सगळं तिच्या टोपलीतून निघालं, कारण वडील मी कॉलेजात असतानाच गेले. आठवड्यातून तीन दिवस ती बोईसरच्या बाजारात बसायची. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की सुके बोंबील आणि सुकट घेऊन बसायची, पण बसायची. तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती, त्यात अणुवीज केंद्राच्या वसाहतीतल्या बाया होत्या, कारखान्यांतले उत्तरेकडचे कामगार होते. त्यांच्याशी ती जे हिंदी बोलायची ते तिने स्वतः तयार केलेलं होतं.

लहानपणी सुट्टीत मी तिच्याशेजारी बसायचे. गिऱ्हाईक यायचं, मासा हातात घ्यायचं, अंगठ्याने त्याचा कल्ला वर करून आत बघायचं. आत लालभडक असला तर मासा ताजा. आईला याचं काहीच वाटत नसे. उलट कोणी न बघता घेतलं तर ती स्वतः कल्ला उचलून दाखवायची, "बगून घ्या ताई, मंग बोलू नका." पण काही बाया कल्ला उचलून, आत लाल बघून, तोंड वाकडं करून मासा परत टोपलीत टाकायच्या आणि पुढे जायच्या. अशा वेळी आई भांडायची नाही. एरवी तिची जीभ कशी चालायची ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, पण अशा वेळी नाही. ती ओलं फडकं ओढून टोपली झाकायची आणि ते चारी बाजूंनी खोचायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मासा चांगला हाय हे बगितला ना तिने? मंग टाकला कशाला? न बगता गेली असती तर चाललं असतं."

चार वर्षांपूर्वी मी सगळं सोडलं. कारण विचारलं की मी जनावरांचं सांगते आणि ते खोटं नाही. गोठ्यांमधलं, कोंबड्यांच्या खुराड्यांमधलं मी बघितलंय, वाचलंय, आणि एकदा कळल्यावर मला ते घशाखाली उतरेना. पण एवढंच सांगून थांबले तर ती लबाडी होईल. पालघरच्या कॉलेजात माझ्या बाकावरची मुलगी मी बसले की खिडकीकडे सरकायची. मी रोज हाताला लिंबू चोळून जायचे. तेव्हाच मी घरची बोली सोडली, 'हाय' आणि 'नाय' सोडलं, आईशीसुद्धा पुस्तकासारखं बोलायला लागले. पुढे मासळी सोडली तेव्हा जनावरांच्या दयेबरोबर आणखी काहीतरी सुटल्याचा हलकेपणा मला वाटला होता. तो कसला होता ते मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती माझ्या घरी गॅलरीत बसली होती. ती सोफ्यावर कधी बसली नाही. बाजार उठला की ती माझ्याकडे यायची, न्हाणीघरात पाय धुवायची आणि गॅलरीत जाऊन पाय पसरून बसायची. म्हणायची, "तुझ्या गादीला वास लागंल." मी एकदाही "लागू दे" म्हणाले नाही.

मासळी सोडली हे तिने ऐकून घेतलं. दूध सोडलं म्हटल्यावर मात्र ती हसायलाच लागली.

"अगो बाय, दूद म्हंजे काय मासा हाय? त्याला काटं हायेत?"

मी समजावून सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे समुद्रातलं खायाचं नाय, गोठ्यातलं खायाचं नाय, नि कारखान्यातलं पुड्यातलं खायाचं. बरी शिकलीस." आणि चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मंग मी काय आनू?"

हा तिचा खरा प्रश्न होता. मला तो तेव्हा किरकोळ वाटला. आमच्याकडे लेकीच्या घरी कोणी हात हलवत जात नाही. आईच्या टोपलीत माझ्यासाठी वेगळं काढलेलं नेहमी असायचं, कधी दोन पापलेटं, कधी केळीच्या पानात गुंडाळलेली भरलेली कोलंबी. लग्न मी केलं नाही, एकटी राहते, त्यामुळे माझ्या पोटाची काळजी करणारी जगात ती एकटीच होती आणि ती काळजी करायची तिची एकच रीत होती, की आपण आणलेलं लेकीने आपल्यासमोर खायचं. तेवढं झालं की तिचा दिवस पुरा व्हायचा. मी ते एका वाक्यात बंद करून टाकलं होतं.

फळं आण म्हटलं तर तिला ते पटेना. फळं आजाऱ्याला नेतात म्हणाली. मग तिने खाऊचे पुडे आणायला सुरुवात केली.

पहिला पुडा नानकटाईचा होता. मी उलटा करून वाचला आणि टेबलावर ठेवला. दुसरा टोस्टचा, तोही ठेवला. तिसऱ्या वेळी ती जिन्यातूनच ओरडत आली, "हिरवा टिकला हाय! बगून आनलाय!" तिला दुकानात कोणीतरी ठिपक्याचं सांगितलं होतं आणि तिला वाटलं होतं की आता कोडं सुटलं. चीजच्या चवीचे मक्याचे कुरकुरीत गोळे होते ते. मी ठिपक्याचं खरं काय ते सांगितलं. ती थोडी हिरमुसली. "हिरवा म्हंजे पन नाय?" म्हणाली. पुडा तिने परत पिशवीत टाकला. नाकारलेला खाऊ ती घरी नेत नसे, रिक्षात शेजारी कोणाचं लहान पोर असेल त्याच्या हातात ठेवायची.

त्यानंतर ती लोकांकडून वाचून घ्यायला लागली. तिला मराठी अक्षरं जुळवून वाचता यायची, इंग्रजी नाही. रिक्षावाला, बँकेतला शिपाई, बाजारात शेजारी बसणाऱ्या भाजीवालीची कॉलेजात जाणारी मुलगी, ज्याला इंग्रजी येतं असं दिसेल त्याच्यासमोर ती पुडा धरायची, "इसमें दूद है क्या देखो जरा." कोणी वाचायचं, कोणी नुसतंच "नहीं है मौसी" म्हणून मोकळं व्हायचं. आणि ती पाय धुऊन गॅलरीत बसली की मी परत वाचायचे आणि कुठेतरी मिल्क सॉलिड्स सापडायचे. मला सापडल्याचं समाधान वाटायचं, हे आता लिहिताना माझीच मला चीड येते. पिंपातली भेसळ पकडावी तसं मी आईच्या पिशवीतून दूध पकडत होते.

एकदा मात्र आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. एका पुड्यावर चव वाढवणाऱ्या पदार्थाचा आकडा होता, सहाशे एकतीस. हा पदार्थ वनस्पतींपासूनही करतात आणि माशांपासूनही, असं मी तिला सांगितलं. हिरवा ठिपका असेल तर माशाचा नसतो, हेही सांगितलं. पण पुढचं तिने ऐकलंच नाही.

"माशापासून? वेफरात?" तिने पुडा हातात घेऊन उलटासुलटा केला. "मंग आमीच कशाला उनात बसतो? माझ्याच टोपलीतला नसंल कशावरून! बग तरी, वळख दिसते का." आणि पुड्याचा वरचा कोपरा अंगठ्याने उचलून कल्ला बघितल्यासारखं तिने आत बघितलं. तशी हसलेली ती मला फार आठवते.

साधारण वर्षभराने तिला तो पिवळा पुडा सापडला. तळलेली हरभऱ्याची डाळ, वर लाल मिरचीचं चित्र. मी वाचलं. हरभरा डाळ, तेल, मीठ, मिरची, हळद, हिंग. पुन्हा वाचलं. मग कात्री न घेता दातांनीच पुडा फोडला.

आई गॅलरीतून उठून आत आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसं हाय?"

"छान आहे."

"तिखट नाय ना?"

"नाही."

ती उठली, रिकामा पुडा तिने माझ्या हातातून घेतला, दुमडून कंबरेच्या बटव्यात ठेवला. मला वाटलं कचरा टाकायला नेतेय. दुकानदाराने मला नंतर सांगितलं की दर खेपेला ती त्या पुड्याचा कापलेला चौकोन बटव्यातून काढायची, काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "हाच. दुसरा दाखवू नको." त्या चौकोनाला मासळीचा वास यायचा म्हणून तो हात न लावताच रंग जुळवायचा.

दोन वर्षं तिने तोच पुडा आणला. आठवड्यातून तीन. मला त्या डाळीचा वीट आला होता. रात्री भूक नसली तरी ती समोर असताना मी खायचे, ती विचारायची कसं हाय, मी म्हणायचे छान आहे. एवढं एक मी बरं केलं असं मला वाटतं. पण त्या दोन वर्षांतही मी प्रत्येक पुडा खाण्याआधी उलटा करून वाचत होते. सवयच ती. माझं वाचून होईपर्यंत आई थांबायची, आणि मी फोडला की तिचे खांदे जरा खाली यायचे.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. उन्हाने जीव नकोसा झाला होता. आईला आधी आठवडाभर ताप येऊन गेला होता, तरी ती बाजारात येऊन बसली आणि तिथून माझ्याकडे आली. आमच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एक बाई होत्या. आई जिना चढून वर आली आणि मी दार उघडलं, तर या बाई आपल्या दाराबाहेर उभ्या राहून कठड्याच्या फटीत पेटलेल्या अगरबत्त्या खोचत होत्या. एक नाही, चार. माझ्याकडे बघून त्या गोड हसल्या.

आईने ते बघितलं की नाही मला माहीत नाही. मी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. त्या बाईवर फिरायला हवं होतं, पण कॉलेजातला तो बाक माझ्या आत अजून तसाच होता. मला आई घरात लवकर यायला हवी होती, दार लवकर लागायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर तिने लवकर जायलाही हवं होतं.

तिने पाय धुतले. दम लागला होता तिला. गॅलरीत न जाता ती दारापाशीच भिंतीला टेकून बसली आणि पिशवीतून पिवळा पुडा काढून माझ्याकडे केला. मी तो उलटा केला. मागची बाजू नव्याने छापलेली होती. पूर्वी नव्हती ती चौकट आता खाली आलेली होती आणि तिच्यात ठळक काळ्या अक्षरांत मिल्क लिहिलेलं दिसलं.

"आई, यात दूध घातलंय आता." मी पुडा तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"तोच हाय तो."

"वरून तोच आहे. आत बदललंय. कंपन्या बदलतात."

तिने बटव्यातून तो चौकोन काढला. घडीघडीवर पांढरा झालेला. पुड्याशेजारी ठेवला आणि हाताने सपाट केला. पिवळ्याशी पिवळा जुळत होता. मिरचीशी मिरची.

"बग ना. तोच हाय."

"आई, रंगावरून कळत नसतं! किती वेळा सांगितलं? मागे लिहिलेलं असतं ते वाचायचं असतं." माझा आवाज चढला होता. बाहेर ऐकू जाईल म्हणून मी पुन्हा तो खाली आणला.

"मंग नको," ती म्हणाली. चौकोन बटव्यात गेला. पुडा पिशवीत गेला. पिशवीच्या तोंडावर तिने पदराजवळचं फडकं ओढलं आणि ते चारी बाजूंनी नीट खोचलं.

ते फडकं खोचणं मी ओळखायला हवं होतं. लहानपणी शेजारी बसून मी ते कितीदा बघितलं होतं.

रिक्षापर्यंत मी तिला सोडायला गेले. ती म्हणाली, "जेव नीट." रिक्षात तिच्याशेजारी एक बाई लहान मुलीला घेऊन बसली होती.

त्यानंतर आई माझ्या घरी आली नाही. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात चार दिवस ठेवलं, घरी पाठवलं. मी दर रविवारी नवापूरला जायचे. जाताना माझा डबा घेऊन जायचे, कारण भावाच्या घरी कशात काय पडलं असेल सांगता येत नाही. आईच्या खाटेशेजारी बसून मी माझ्या डब्यातलं खायचे आणि आई पडल्या पडल्या वहिनीला म्हणायची, "तिला भात तरी वाढ गो. भातात काय नसते." वहिनी माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, असू दे, आणलंय मी. पुड्याचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. किरकोळ गोष्ट होती ती.

डिसेंबरात ती गेली. सकाळी चहा मागितला आणि वहिनी तो घेऊन येईपर्यंत संपलं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. भाऊ कामाला गेला. वहिनी आणि मी आईच्या वस्तू आवरत होतो. वस्तू त्या काय असणार. खाटेच्या डोक्याशी खिळ्याला तिची बाजाराची पिशवी अडकवलेली होती, फडकं तसंच खोचलेलं. वहिनीने ती काढून माझ्या हातात दिली.

"ही तुमीच बगा. मला हात लावू देत नव्हत्या."

फडकं काढलं तर आत तो पिवळा पुडा होता. न फोडलेला.

"रिक्षातल्या पोराला दिला नाही हा?" मी विचारलं.

"नाय. बोलल्या, हा परत करायचा हाय दुकानात. त्याला सांगायचं, माझ्या लेकीला जुना पायजे, बिनदुदाचा, असंल तितून आनून दे. सारख्या बोलायच्या, जरा बरी झाली की बोईसरला जाते नि जुना आनते." वहिनीने फडक्याची घडी घातली. "मी बोलली, ताईंना सांगते, त्या बगतील. तर बोलल्या, तिला नको सांगू. ती खायाची तेवडा एकच तर पुडा होता."

वहिनी चहा ठेवायला आत गेली. मी खाटेवर बसले. हातात पुडा होता म्हणून उलटा केला. दुसरं काही नाही, हाताला तेवढंच येतं.

हरभरा डाळ, तेल, मीठ, मिरची, हळद, हिंग.

मी पुन्हा वाचलं. बोट ठेवून वाचलं, लहान मुलं वाचतात तसं. सहा गोष्टी, त्याच सहा. खाली चौकट होती आणि चौकटीत ठळक अक्षरांत, या कारखान्यात दूध, गहू, सोयाबीन यांचेही पदार्थ बनतात. एवढंच. शंभर पुड्यांवर वाचून शंभरदा सोडून दिलेली ओळ. लोकांना मी जी सोडून द्यायला शिकवते ती ओळ. त्या दिवशी जिन्यातल्या अगरबत्त्या माझ्या नाकात होत्या, मला दार लावायचं होतं, मी त्या ओळीतला एक शब्द बघितला आणि पुडा जमिनीवर ठेवला. आई म्हणत होती तोच हाय. तो तोच होता.

तिने रंगावरून ओळखला होता आणि तिचं बरोबर होतं. मी वाचून ओळखला आणि चुकले. आजवर मी सही करून किती पिंपं आत घेतली, किती परत पाठवली, एकातही चूक निघाली नव्हती. माझी एकच चूक निघाली आणि ती आईच्या बाबतीत निघाली. आणि मी चुकलेय हे कळायच्या आत ती दोन महिने एका चांगल्या पुड्यापायी झुरत पडली होती, बरी झाले की बदलून आणीन म्हणत. रविवारी मी तिच्या उशाशी बसून माझ्या डब्यातलं खात होते आणि तो पुडा माझ्या डोक्यावर खिळ्याला होता.

मी रडले. बराच वेळ रडले. वहिनीने आतून एकदा डोकावून बघितलं आणि ती पुन्हा आत गेली.

मग मी पुड्यावरची तारीख बघितली. अजून उलटली नव्हती. दातांनी पुडा फोडला. पिशवीत राहून त्याच्या कागदाला मासळीचा वास लागला होता, आणि फोडताना तो माझ्या ओठांना लागला. मी तोंड पुसलं नाही. डाळ कुरकुरीत होती. तीच चव, तोच थोडा जास्त हिंग, ज्याचा मला वीट आला होता. समोर जमिनीवर ती जिथे बसली असती तिथे मी बघत होते आणि एकेक दाणा खात होते, घाई न करता, शेवटच्या चुऱ्यापर्यंत.

कोणी विचारलं नाही, पण उत्तर माझ्या तोंडून निघून गेलं. कितीतरी वर्षांनी त्या बोलीत.

"चांगला हाय गो आय."

आतून वहिनीने विचारलं, "काय बोललात?"

"काय नाय," मी म्हटलं.